लवकर येणारा गुण



बाईंच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर इतिहासावर, शेतीवर, संतसाहित्यावर बोललं गेलं आहे. चेहऱ्याला लावायच्या क्रीमवर बोलू का, असं मी विचारलं तेव्हा संयोजकांनी लगेच होकार दिला. त्यांची मी ऋणी आहे. विषय हलका वाटण्याचा संभव आहे. पण तालुक्याच्या गावी त्वचारोगांची डॉक्टर म्हणून काम करताना मला जे दिसत आलं, त्यात हलकं काही नाही. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. मुलींनी प्रश्न विचारलेच पाहिजेत असा त्यांचा आग्रह असे. म्हणून हा विषय इथेच मांडावासा वाटला.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. सौंदर्यप्रसाधनांतल्या घातक घटकांची चर्चा निघाली की आपण बाटलीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेल्या लांबलचक नावांना घाबरतो. माझ्यासमोर आलेलं सगळ्यात मोठं नुकसान त्या नावांनी केलेलं नाही. ते केलं आहे अंगावर एकही अक्षर नसलेल्या डब्यांनी. आणि ज्यांच्यावर औषधाचं नाव स्वच्छ छापलेलं होतं, तरी ज्या पावडर-स्नोसारख्या रोज वापरल्या गेल्या, अशा ट्यूबांनी. या दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. गुण फार लवकर येतो. पंधरा दिवसांत रंग उजळतो, वांग फिकट होतात, शेजारपाजारच्या बायका विचारू लागतात. लवकर गुण आला म्हणजे क्रीम चांगलं, हा आपला ठाम समज आहे. तो समज मोडावा, एवढ्यासाठी मी आज उभी आहे.

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची एक बातमी वर्तमानपत्रांत आली होती, ती तुमच्यापैकी काहींच्या लक्षात असेल. एकाच घरातल्या आई आणि दोन मुली, तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झालेली. एकाच घरात तिघींना एकाच वेळी हा आजार कसा, याचा शोध घेताना डॉक्टर पोहोचले ते गोरं होण्यासाठी लावल्या जाणाऱ्या एका क्रीमपर्यंत. ओळखीच्या पार्लरमधून घेतलेलं क्रीम होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ते तपासलं गेलं आणि त्यात पारा सापडला, कायद्याने मान्य केलेल्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त.

या बातमीतला एक तपशील मला विसरता येत नाही. क्रीम लावायला लागल्यावर फरक पडला होता. लोकांनी कौतुक केलं होतं. म्हणूनच एकीचं पाहून दुसरीने आणि दुसरीचं पाहून तिसरीने ते लावलं.

साधारण त्याच काळात केरळात, मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या एस्टर मिम्स रुग्णालयातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांना एक विचित्र गोष्ट जाणवू लागली. पायांवर सूज, लघवीला फेस आणि लघवीतून प्रथिनं वाहून चाललेली, असे रुग्ण एकामागून एक येत होते. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांनी मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या विकाराचे २२ रुग्ण नोंदवले. मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या बारीक केशवाहिन्यांच्या पडद्याला होणारा हा विकार आहे. त्या २२ पैकी १५ जणांच्या मूत्रपिंडाच्या तुकड्यात नेल-१ नावाचं प्रथिन आढळलं. एरवी हा प्रकार दुर्मीळ असतो. त्या १५ जणांना खोदून खोदून विचारलं तेव्हा १३ जणांनी सांगितलं की आम्ही गोरेपणाचं क्रीम लावत होतो. एका रुग्णाच्या तर मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच की क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार आटोक्यात आला. डॉक्टरांनी हे शोधनिबंधातून जगासमोर ठेवलं आणि केरळच्या औषध नियंत्रण खात्याने ‘ऑपरेशन सौंदर्य’ नावाने दुकानांवर छापे घातले.

‘खोदून विचारलं’ असं मी मुद्दाम म्हटलं. कारण आपण होऊन कुणी सांगत नाही. मी रुग्णाला विचारते, चेहऱ्याला काय लावता? उत्तर येतं, काहीच नाही. साबण? हो, तो लावते. आणखी काही? पावडर. रात्री झोपताना? मग सोबत आलेली बहीण किंवा जाऊ बोलते, अगं, ते पार्लरवाल्या ताईंचं सांग की. पिशवीतून एक पांढरी प्लास्टिकची डबी निघते, झाकण जरा सैल, आत मोत्यासारखं चकचकणारं क्रीम. डबीवर काही नाही. किंमत विचारली तर ती मोठ्या कंपन्यांच्या क्रीमपेक्षा जास्तच असते. बाई म्हणते, आम्ही स्वस्तातलं घेत नाही हो, चांगल्यातलं घेतो.

पारा त्वचेला उजळ कसा करतो ते समजून घेऊ. आपल्या त्वचेचा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे असतो. ते तयार करायला टायरोसिनेज नावाचं विकर लागतं आणि या विकराच्या गाभ्यात तांब्याचे अणू असतात. पारा त्या तांब्याची जागा घेतो. विकर निकामी होतं, मेलॅनिन बनणं थांबतं, चेहरा उजळतो. म्हणजे गुण एका गोष्टीचा आणि अपाय दुसऱ्या गोष्टीचा, असं इथे नाही. जो गुण दिसतो तो विषाचाच परिणाम आहे. हाच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. चेहऱ्यावर उजेड दिसत असतो त्याच दिवसांत मूत्रपिंडाचा पडदा झिरपू लागलेला असतो, आणि ते आरशात दिसत नाही.

आता थोडं गणित. आपल्या देशाच्या सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार डोळ्यांच्या आसपास लावायच्या प्रसाधनांत नकळत मिसळलेला पारा दहा लाखांत ७० भागांपर्यंत चालतो, आणि बाकी सगळ्या प्रसाधनांत दहा लाखांत एक भाग. एक किलो क्रीममध्ये एक मिलिग्रॅम. तोही मुद्दाम घालायचा नाही, कच्च्या मालातून आला तरच. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ मध्ये बाजारातली ३२ फेअरनेस क्रीम तपासली तेव्हा १४ क्रीममध्ये पारा सापडला, पण सगळ्यात जास्त आढळलेलं प्रमाण दहा लाखांत दोन भागांच्याही आत होतं. तेही असायला नको होतं. तरी आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो इथे २०१९ मध्ये एक स्त्री जवळजवळ बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आली. तिच्या क्रीममध्ये दहा लाखांत १२,००० भाग पारा निघाला. वीस ग्रॅमच्या डबीत जवळपास पाव ग्रॅम. डबी एका प्रसिद्ध कंपनीची होती, पण आतल्या क्रीममध्ये नंतर कुणीतरी भेसळ केलेली होती. आणि तो साधा पारा नव्हता, मिथाइल पारा होता. जपानच्या मिनामाता गावात रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात आणि माशांतून माणसांच्या मेंदूत गेला, तोच.

त्या मिनामाताच्या नावाने पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला. भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला. सुरुवातीला या करारातही दहा लाखांत एक भाग अशी सूट होती. २०२३ च्या परिषदेत तीही काढून टाकली आणि मुद्दाम पारा घातलेली सगळीच प्रसाधनं २०२५ पर्यंत बंद करायचं ठरलं. निर्णय चांगला आहे. पण उशीर किती झाला ते पाहा. केनियातल्या नैरोबीच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या रुग्णांचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांनी पाऱ्याचं क्रीम लावलेलं होतं. म्हणजे मलप्पुरमच्या डॉक्टरांना जे दिसलं ते पन्नास वर्षांपूर्वी छापून आलेलं होतं. माहिती नव्हती असं कुणाला म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट, घरात लहान मूल असणाऱ्यांसाठी. पाऱ्याची वाफ होते. तो टॉवेलला, उशीच्या अभ्र्याला, हाताला लागतो. कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियात अशा घरांची तपासणी झाली तेव्हा क्रीमला कधीही हात न लावलेल्या माणसांच्या, मुलांच्याही लघवीत पारा वाढलेला आढळला. आई रात्री क्रीम लावून बाळाला कुशीत घेते. एवढं पुरतं.

पाऱ्याबद्दल इतकं बोलले, पण रोज माझ्यासमोर खुर्चीत बसणारं दुखणं दुसरंच आहे. ते स्टिरॉइडचं.

बाळंतपणानंतर बऱ्याच बायकांच्या गालांवर वांग येतात. उन्हाने ते गडद होतात. कुणीतरी एक ट्यूब सुचवतं. कधी बहीण, कधी मेडिकलवाला, कधी डॉक्टरही. त्या ट्यूबमध्ये तीन औषधं एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. या तिहेरी मिश्रणाची मूळ कल्पना अमेरिकेतल्या क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी १९७५ मध्ये मांडली. ते औषध म्हणून चांगलं आहे. ठरलेल्या आठवड्यांपुरतं, फक्त डागावर, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरलं तर मीही देते. पण आपल्याकडच्या मिश्रणात मोमेटासोनसारखं जोरकस स्टिरॉइड असतं आणि ते बायका वर्षानुवर्षं सगळ्या तोंडाला चोळतात. घरातला मुलगाही दाढीनंतर तेच लावतो.

स्टिरॉइडने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. स्टिरॉइडची ताकद मोजण्याची १९६२ पासूनची चाचणीच अशी आहे की ते हाताला लावायचं आणि त्वचा किती पांढरी पडते ते पाहायचं. चेहऱ्यावर दिसणारा पहिला उजाळा बराचसा त्याचाच. पुढे त्वचा पातळ होत जाते. गालांवर लाल रेघा दिसू लागतात. हनुवटीवर लव वाढते. मुरुम येतात, आणि ते मुरमांच्या औषधाने जात नाहीत. उन्हात गेलं की चेहरा पेटतो. चुलीपुढे बसवत नाही. एक बाई भर मे महिन्यात ओढणीने पूर्ण तोंड झाकून आली होती. ओढणी बाजूला केली तेव्हा तिचा चेहरा भाजल्यासारखा लाल होता आणि पंख्याचा वाराही तिला सोसत नव्हता. तिने चेहऱ्याला पाच वर्षं तीच ट्यूब लावली होती.

यातून सुटणं इतकं अवघड का, ते नीट ऐका. ट्यूब बंद केली की दोन-चार दिवसांत चेहरा आणखी बिघडतो. आग, सूज, पुळ्या. पुन्हा लावली की तासाभरात शांत. मग कुणीही म्हणेल की मला ही ट्यूब मानवते, ती सोडल्यामुळेच त्रास होतो. तिच्या डोळ्यांसमोर पुरावा असतो आणि तो पुरावाच तिला फसवतो. त्या अवघड आठवड्यांत तिला धीर देणारं कुणी हवं असतं. घरचे मात्र म्हणतात, या डॉक्टरीणबाईंच्या औषधाने चेहरा बिघडला. मी हे कितीदा ऐकलं आहे. त्या बायकांवर माझा राग नाही. पण रुग्णाला ती ट्यूब किती दिवस लावायची हे न सांगता चिठ्ठी लिहून देणाऱ्या माझ्याच व्यवसायबंधूंवर आहे, आणि तो इथे बोलून दाखवणं मी माझं कर्तव्य समजते.

स्टिरॉइडने होणाऱ्या चेहऱ्याच्या या विकाराला भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनीच स्वतंत्र नाव दिलं, कारण तो इथे इतक्या संख्येने दिसत होता. कोलकात्याच्या डॉ. कौशिक लाहिरी आणि डॉ. अरिजित कुंडू यांनी त्यासाठी विशेष पाठपुरावा केला. देशभरातल्या दवाखान्यांत मिळून झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टिरॉइड लावत होते. त्यातल्या कित्येकांना ते सुचवणारी व्यक्ती डॉक्टर नव्हतीच. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने अनेक वर्षं मागणी लावून धरल्यावर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा चौदा मलमांवरची सूट काढून ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. मनाई कागदावर आहे. संध्याकाळी कुठल्याही मेडिकलमध्ये थोडा वेळ उभं राहा, किती ट्यूब चिठ्ठीवाचून विकल्या जातात ते दिसेल. नायट्यासाठी विकली जाणारी मिश्र मलमंही याच जातीची. त्यांनी खाज लगेच थांबते आणि नायटा मात्र पसरत जातो, इतका की पुढे साध्या औषधांना दाद देत नाही.

कपाळाकडे येऊ. टिकली मागच्या चिकट गोंदामुळे चिकटते. त्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्यूटिल फिनॉल नावाचं रसायन असलं तर ते काही जणींच्या त्वचेतल्या रंगपेशी मारतं आणि भुवयांच्या मधोमध टिकलीएवढाच गोल पांढरा डाग उरतो. डाग दिसू नये म्हणून बाई त्याच्यावर थोडी मोठी टिकली लावते, मग डागही तेवढा मोठा होतो. घरात कुजबुज सुरू होते, कोड आलं. एका मुलीचं लग्न त्या कुजबुजीने मोडता मोडता राहिलं. हा डाग संसर्गाचा नाही, आनुवंशिक नाही. वेळेवर टिकली सोडली तर पुष्कळदा रंग परतही येतो. टिकलीखाली खाज सुटू लागली की त्याच दिवशी ती लावणं थांबवावं. कुंकवाकडे परत जाणाऱ्यांनीही जरा पाहून घ्यावं. आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं केम गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे आणि हळदीपासून केलेलं कुंकू सहसा बाधत नाही. स्वस्त मिळणारं कुंकू मात्र अनेकदा निव्वळ रंग असतो.

शेंदूर ही त्याहून गंभीर बाब आहे, कारण शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. अमेरिकेतल्या रट्गर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतल्या आणि भारतातल्या दुकानांतून भांगात भरायच्या सिंदूरचे ११८ नमुने घेतले. २०१७ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले तेव्हा दोन्हीकडच्या तीन चतुर्थांशाहून अधिक नमुन्यांत शिसं निघालं. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधतं आणि त्याचं सुरक्षित असं प्रमाण नाही. मारुतीला वाहिलेला शेंदूर श्रद्धेने बाळाच्या कपाळी लावणाऱ्या आज्यांना माझी हात जोडून विनंती आहे, देवाला वाहा, बाळाला लावू नका. बाळाची बोटं तोंडात जातात. खड्याचा सुरमाही तसाच, तो बहुधा शिशाचाच असतो. दिव्यावर धरलेलं घरचं काजळ निदान शिशाचं नसतं.

शिशाची आणि चेहऱ्याची ही सोबत फार जुनी आहे. युरोपातल्या सरदारघराण्यांतल्या स्त्रिया गोरं दिसायला शिशाचा सफेदा लावत. लेडी कॉव्हेंट्री ही त्या काळची गाजलेली सुंदरी १७६० मध्ये तरुण वयातच गेली, ती या सफेद्यामुळेच, असं मानलं जातं. जपानमध्ये १८८७ साली सम्राट मेइजींपुढे काबुकीचा प्रयोग चालू असताना नाकामुरा फुकुसुके या नटाचे पाय थरथरू लागले. ते शिशाच्या विषबाधेने थरथरत होते, आणि तिथून जपानमध्ये शिशाविना पांढरा रंग बनवण्याच्या खटपटीला जोर आला. आपल्या नाटक-तमाशाच्या रंगपेटीतलं मुर्दाडशिंगही शिशाचंच. रात्रीमागून रात्री ते चेहऱ्याला चोपडून उभ्या राहिलेल्या आपल्या कलावंतांच्या पोटदुखीची आणि थरथरत्या हातांची दखल कुणी घेतली असेल, असं मला वाटत नाही.

केस काळे करण्याबद्दल थोडक्यात. बहुतेक काळ्या कलपांत पॅरा-फेनिलीनडायअमीन असतं, आम्ही त्याला पीपीडी म्हणतो. अनेकांना ते चालतं, काहींना अजिबात नाही, आणि वर्षानुवर्षं चाललेल्या माणसालाही एक दिवस अचानक चालेनासं होतं. लग्नसराईत वरपिते माझ्याकडे डोळे सुजून मिटलेल्या अवस्थेत येतात, आदल्या रात्री कलप लावलेला असतो. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्या काळ्या करणारं ‘लॅश ल्यूर’ नावाचं प्रसाधन याच जातीच्या रंगाचं होतं. त्याने स्त्रियांची दृष्टी गेली, आणि १९३८ मध्ये तिथे प्रसाधनांना कायद्याच्या कक्षेत आणलं गेलं त्यामागच्या कारणांत ते एक होतं. आपल्या कायद्यानेही कलपाच्या खोक्यावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत सूचना छापावी लागते: आधी थोड्या जागी लावून पाहा, भुवया-पापण्यांना लावू नका. कानामागे थेंबभर लावून दोन दिवस थांबायचं, एवढंच करायचं असतं. जत्रेत तासाभरात काळीभोर रंगणारी मेंदी मुलींच्या हातावर काढू देऊ नका. मेंदीच्या पानाचा रंग केशरी-तपकिरी येतो. काळा रंग तिच्यात घातलेल्या पीपीडीचा असतो, आणि कधीकधी त्या नक्षीबरहुकूम फोड उठतात.

आता त्या लांबलचक नावांकडे. शहरातल्या शिकलेल्या मुली मला विचारतात, यात पॅराबेन तर नाही ना? पॅराबेन म्हणजे क्रीममध्ये जंतू आणि बुरशी वाढू नये म्हणून घातलेलं संरक्षक. शरीरातल्या संप्रेरकांवर त्याचा काही परिणाम होतो का, यावर अभ्यास चालू आहेत आणि युरोपने काही पॅराबेनांवर बंदी, काहींवर मर्यादा घातली आहे. ती सावधगिरी योग्यच. पण पॅराबेनच्या भीतीपोटी कंपन्यांनी काय केलं? त्याच्याऐवजी मिथाइलआयसोथायझोलिनोन नावाचं दुसरं संरक्षक घातलं, आणि युरोपभर त्याच्या ॲलर्जीची साथ आली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला वर्षातलं सर्वांत त्रासदायक ॲलर्जीकारक ठरवलं, २०१७ मध्ये युरोपला त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत त्याला बंदी करावी लागली. त्याच संघटनेने २०१९ मध्ये, ॲलर्जी क्वचितच करणारा पदार्थ म्हणून, पॅराबेनचं नाव मुद्दाम जाहीर केलं. भीती चुकीच्या जागी ठेवली की नुकसान दुप्पट होतं. ‘केमिकल-फ्री’, ‘हर्बल’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’ या अक्षरांनी मला काहीच कळत नाही. बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी, बॅच क्रमांक आणि मुदत या छापील ओळींनी कळतं. परदेशी मालावर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक असावा लागतो. ज्या डबीवर हे नाही ती कुणी मैत्रिणीने भेट दिली तरी वापरू नका.

कायदा आपल्याकडे आहे. १९४० चा औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, २०२० चे नियम, राज्यात अन्न व औषध प्रशासन. उणीव आहे ती नमुने घेण्यात. औषध निरीक्षकाची पावलं घाऊक दुकानापर्यंत पोहोचतात, वाड्यातल्या माडीवरच्या पार्लरपर्यंत नाहीत, आणि मोबाइलवर मागवून घरी येणाऱ्या पाकिटापर्यंत तर नाहीतच. केरळने जसे ठरवून छापे घातले तसे महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत व्हायला हवेत आणि निकाल लोकांना वाचता येतील असे मराठीत छापायला हवेत. पार्लर चालवणाऱ्या बायकांना मात्र कुणी गुन्हेगार समजू नये. त्यांनाही कुणीतरी ‘स्पेशल फॉर्म्युला’ म्हणून ते किलोच्या डब्यातून विकलेलं असतं. त्या स्वतः उघड्या हातांनी दिवसभर ते कालवतात, म्हणजे सगळ्यांत जास्त विष त्यांच्याच अंगात जातं. आयटीआयमध्ये सौंदर्यशास्त्राचा अभ्यासक्रम आहे. त्यात पारा आणि स्टिरॉइड यांवर एक धडा अनिवार्य करा, अशी मागणी या सभेने करावी असं मला वाटतं.

आणि मागणी कुठून येते हेही बोललं पाहिजे. १९७५ साली बाजारात आलेल्या देशातल्या सर्वांत प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये नावातून गोरेपण काढलं. त्याच वर्षी एका मोठ्या विवाहसंस्थळाने रंगानुसार स्थळं चाळायची सोय बंद केली. पण कांदेपोह्यांच्या कार्यक्रमानंतर घरी परतताना गाडीत जे बोललं जातं, ते बंद झालेलं नाही. मुलगी चांगली आहे हो, रंगाने जरा डावी आहे. हे वाक्य ऐकलेली मुलगी दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये जाते. ‘उन्हात खेळू नकोस, काळी पडशील’ हे वाक्य आईच्या तोंडून ऐकलेली मुलगी त्याआधीच गेलेली असते. मेलॅनिन हे आपल्या उन्हात आपल्या त्वचेचं संरक्षण करणारं द्रव्य आहे. ज्या पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, तिथल्या माणसाने ते पुसून टाकायला पैसे मोजावेत, ही मला डॉक्टर म्हणून आणि बाई म्हणून अत्यंत दुःखाची गोष्ट वाटते.

तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी असं क्रीम लावत असेल, तर इथून गेल्यावर काय करायचं ते सांगते. डबीवर परवाना क्रमांक नसेल तर ते आज रात्रीपासून बंद करा. पण डबी फेकू नका. पिशवीत घट्ट बांधून, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या, कारण तपासायला तीच लागते. पायांवर सूज असेल, लघवीला फेस येत असेल, तर लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्या. ती सरकारी दवाखान्यातही होते. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव असेल तर ती स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका, आणि वर्षानुवर्षं लावली असेल तर स्वतःच्या मनाने एकदम सोडूही नका. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा आणि लाज न बाळगता सगळं सांगा. आणि बंद केल्यावर चेहरा पहिले काही आठवडे बिघडेल, तेव्हा घरच्यांनी तिला आरशापुढे उभं करून बोलू नका. तेवढे आठवडे तिला सांभाळा.